जुनं मोटरहोम एमओटीत पास करून घ्यायचंय? मग महिनाभर आधी गाडीखाली जा

जुनं मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, एमओटीत, म्हणजे यूकेतल्या गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, अडकतं ते फार चाललंय म्हणून नाही, फार उभं राहिलंय म्हणून. वीस वर्षांची गाडी, मीटरवर जेमतेम 40 हजार मैल, विकणारा अभिमानाने सांगतो बघा किती कमी चाललीये, आपणही खुश होतो, पण ती गाडी वर्षातले दहा महिने कुणाच्या तरी ड्राइव्हवेवर ओल्या गवताशेजारी उभी होती हे कुणी सांगत नाही. ब्रेक गंजून चिकटतात, टायर उन्हाने तडकतात, रबरं कडक होतात, मागच्या दिव्यांचे कनेक्शन हिरवे पडतात. त्यामुळे कारच्या हिशोबाने तयारी केलीत तर हमखास फसाल. यूकेत राहणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून सारखं विचारणं होतं म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय. हे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी आहे, नॉर्दर्न आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

पहिला घोळ वजनाचा. साडेतीन टनाच्या वरचं मोटरहोम असलं की लोकांना वाटतं आता लॉरीवाल्या टेस्टला जावं लागणार. तसं नाहीये. मोटरहोम म्हणून नोंद असेल तर वजन कितीही असो, टेस्ट क्लास 4 चीच, म्हणजे कारवालीच, आणि फी जास्तीत जास्त 54.85 पौंड. वजनाचा प्रश्न येतो तो लायसन्समध्ये. भारतातलं लायसन्स इथे नुसतं बदलून मिळत नाही, आपल्याला इथली टेस्ट द्यावीच लागते, आणि 1997 पासून कारची टेस्ट पास झालेल्यांना बी कॅटेगरी मिळते, तिच्यात साडेतीन टनापर्यंतचंच चालतं. त्याच्या वरची गाडी घ्यायची असेल तर सी1 वेगळं काढावं लागतं. म्हणजे गाडी एमओटीत पास होईल आणि तुम्ही मात्र ती चालवू शकणार नाही असंही होऊ शकतं, तेव्हा गाडीवरची वजनाची प्लेट घ्यायच्या आधी वाचा.

वजन फीला आडवं येत नसलं तरी गॅरेजला येतं. नेहमीच्या कार गॅरेजचा दरवाजा ठेंगणा असतो, लिफ्ट आखूड असते, आणि कितीतरी ठिकाणी लिफ्टची वजन पेलायची मर्यादा पण कमी. म्हणून बुकिंग करताना फोनवरच लांबी, उंची आणि प्लेटवरचं पूर्ण वजन सांगा, उंची सांगताना छतावरचा सोलर पॅनल, टीव्हीचा अँटेना आणि स्कायलाइट धरून सांगा. व्हॅन किंवा मिनीबस टेस्ट करणारं गॅरेज शोधा, त्यांच्याकडे जागा असते. नुसतं 'मोटरहोम आहे' म्हणालात तर समोरचा कॅम्परव्हॅन समजतो आणि सकाळी दारातून परत पाठवतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये इथे नव्या नंबरप्लेट निघतात, तेव्हाच नव्या गाड्या जास्त खपतात, त्यामुळे पुढे त्याच महिन्यांत एमओटीची गर्दी असते, जमलं तर ते टाळा.

कधी न्यायची? सर्टिफिकेट संपायच्या एक महिना वजा एक दिवस आधीपासून टेस्ट करून घेता येते आणि पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. म्हणजे 15 मेला संपत असेल तर 16 एप्रिलपासून. ही सवलत जुन्या गाडीवाल्याने पूर्ण वापरावी असं माझं ठाम मत आहे, कारण फेल झाली तरी जुनं सर्टिफिकेट चालू असतं आणि यादीत डेंजरस काही नसेल तर गाडी घरी आणता येते, रस्त्यावर चालण्याइतकी धड मात्र असावी लागते. शेवटच्या दिवशी नेलीत आणि फेल झाली की अडकलात, मग वेल्डिंगवाला मागेल ते द्यायचं. एमओटी आधीच संपलेली असेल, गाडी सॉर्नवर, म्हणजे 'रस्त्यावर नाही' अशी सरकारकडे नोंदवलेली असेल, तर आधी अपॉइंटमेंट घेऊन थेट टेस्टला चालवत नेता येते, पण इन्शुरन्स हवाच आणि वाटेत दुकानात वगैरे थांबू नका.

आता तयारी. सगळ्यात आधी गाडीखाली नाही, वेबसाइटवर जा. सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला की 2005 पासूनची सगळी एमओटी फुकट दिसते, मैल, फेल कशात झाली, अॅडव्हायजरी काय होत्या. 2018 च्या मेपासून दोष डेंजरस, मेजर आणि मायनर असे विभागलेत, डेंजरस किंवा मेजर असला की फेल, मायनर असला तर पास पण दुरुस्त करा म्हणतात, आणि अॅडव्हायजरी म्हणजे पुढे लक्ष ठेवा. या अॅडव्हायजरी नीट वाचा. 'ब्रेक पाइपला हलका गंज' असं लागोपाठ तीन वर्षं लिहिलेलं दिसलं तर यंदा तो हलका राहिलेला नसणार, आणि मध्येच एखाद्या वर्षी ती ओळ गायब झाली असेल तर पाइप बदलला की नुसता टेस्टर बदलला हे विकणाऱ्याला बिल मागून विचारा. गाडी घ्यायच्या आधी हे पाच मिनिटांचं काम केलं तर पुढचे शेकडो पौंड वाचतात.

आता गंज, आणि यावर मी जास्त वेळ घेणार आहे कारण जुन्या मोटरहोमचं खरं दुखणं हेच. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते गाडीच्या पोटाखाली बसतं, आणि कोकणात समुद्राकाठी लावलेल्या गाडीचं जे होतं तेच इथे खालच्या बाजूला होतं, फक्त दिसत नाही. यूकेतली बरीचशी मोटरहोम फियाट डुकाटोवर, नाहीतर त्याचीच भावंडं असलेल्या पूजो बॉक्सर आणि सित्रोएन रिलेवर बांधलेली असतात, तिथे बघायच्या जागा ठरलेल्या: पुढच्या दारांखालचे सिल आणि पायरी, जॅक लावायच्या जागा, पुढच्या सस्पेन्शनच्या वरचे माउंट, मागच्या स्प्रिंगचे हँगर. नियम लक्षात ठेवा, गंज कुठेही असला म्हणून फेल होत नाही, पण स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे बांधलेत त्या जागेपासून 30 सेंटिमीटरच्या आत लोड पेलणारा पत्रा कुजला असेल तर फेल. म्हणून वरचं रंगाचं पोपडं सोडा, या 30 सेंटिमीटरच्या टापूत बघा.

बघायचं कसं? सपाट पक्क्या जागेवर गाडी लावा, चाकांना ठोकळे लावा, जॅकने उचलली तर अॅक्सल स्टँड लावल्याशिवाय डोकंसुद्धा खाली घालू नका, तीन टनाचं धूड आहे ते, जॅक घसरला तर वाचवायला कुणी नसतं. हातात चांगला टॉर्च आणि बोथट स्क्रू ड्रायव्हर. सिलच्या खालच्या शिवणीवर दांड्याने हलकेच टिचक्या मारत पुढे सरका. चांगला पत्रा टणक, खणखणीत बोलतो. कुजलेल्या जागी आवाज एकदम बसका होतो, आणि अंगठ्याने दाबलं की काळ्या अंडरसीलखालून, म्हणजे गाडीच्या पोटाला गंजाविरुद्ध मारलेल्या थराखालून, तपकिरी पापुद्रा सुटून हातावर येतो. टेस्टरही असंच करतो, बोटाने दाबतो, खरवडतो, हलकं ठोकून बघतो, भोकं पाडत नाही. म्हणून टेस्टच्या आदल्या आठवड्यात काळं अंडरसील फासून गंज झाकायचा प्रकार करू नका. ओलसर ताजा थर बघितला की अनुभवी टेस्टर आणखी बारकाईने बघतो, आणि खरं सांगायचं तर त्या झाकलेल्या गंजावर पोरंबाळं बसवून तुम्ही मोटरवेवर जाणार आहात.

वेल्डिंग लागलंच तर पॅच सगळ्या कडेने सलग वेल्ड झालेला हवा, चार ठिकाणी टाचलेला चालत नाही, आणि फायबर, फिलर किंवा रिव्हेटने चिकटवलेला पत्रा तर या जागी अजिबात नाही. मोटरहोमला वेल्डिंग म्हणजे कारसारखं नाही हे गॅरेजवाल्याला आवर्जून सांगा. वरती प्लायवुडची जमीन असते, मध्ये फोम असतो, गॅसचा पाइप आणि वायरी खालून गेलेल्या असतात, खालून ठिणगी उडाली की वर कार्पेट कधी धुमसायला लागलं कळत नाही. गॅसच्या टाक्या काढून घरी ठेवा, त्या जागेवरचं कार्पेट आणि कपाटातलं सामान बाहेर काढा, बॅटरी, म्हणजे इंजिनची आणि आतल्या राहायच्या भागाची दोन्ही, सोडवायला सांगा, आणि आत एक माणूस फायर एक्स्टिंग्विशर घेऊन बसलेला हवा. ज्या वेल्डरला हे ऐकून कंटाळा येतो त्याला काम देऊ नका.

ब्रेक. पाइप हाताने चाचपा, वरचा गंज पुसून खाली धातू गुळगुळीत लागला तर ठीक, खड्डे लागले तर बदला. बदलताना स्टीलऐवजी कॉपर-निकेलचा घालून घ्या, तो तसा गंजत नाही. सगळ्यात वाईट तुकडा नेमका डिझेलच्या टाकीच्या वर असतो आणि टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे टाकी कधी कुठल्या कारणाने उतरली तर तेव्हाच उरकून टाका. टेस्टच्या रोलरवर पायाच्या ब्रेकची एफिशियन्सी 50 टक्के लागते, 1 सप्टेंबर 2010 नंतरच्या गाडीला 58, हँडब्रेकला ड्युअल सर्किट (ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग) असलेल्या गाडीवर 16, आणि एका अॅक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकात 30 टक्क्यांहून जास्त फरक असला तरी फेल. उभ्या राहिलेल्या गाडीत मार खातात ते हँडब्रेक आणि हा डाव्या-उजव्याचा फरक. मागच्या ड्रममध्ये गंज साचतो, केबल अडकते. टेस्टच्या आधी दोन-तीन आठवडे गाडी आठवड्यातून एकदा तरी चांगली तासभर चालवा, मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नाही बघून काही वेळा जोरात ब्रेक मारा, मग थांबून चारही चाकांजवळ हात न्या, स्पर्श न करता. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर कॅलिपर चिकटलाय. आणि गाडी लांबवर उभी करायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, गिअरमध्ये टाका आणि चाकांना ठोकळे लावा, निम्मे त्रास तिथेच टळतात.

टायरचं बघताना लोक फक्त नक्षी बघतात. नियम 1.6 मिलिमीटरचा, मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत, सगळ्या गोलाईत, आणि मोटरहोमच्या टायरला नक्षी नेहमीच भरपूर असते कारण तो चाललेलाच नसतो. बघायचं ते बाजूला. टायरवर लिहिलेल्या 'DOT' या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडे वाचा, 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांच्या वरचे टायर लॉरी आणि बसच्या पुढच्या चाकांना 2021 पासून कायद्यानेच बंद आहेत, मोटरहोमला तो कायदा लागू नाही, त्यामुळे निव्वळ वयावर फेल होणार नाही, पण मी सात-आठ वर्षांनंतर ठेवत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं चाक पूर्ण वळवून आतली बाजू पण बघा, बाहेरची नजरेसमोर असते, तडे आतल्या बाजूला असतात. आतलं कापड किंवा तार दिसत असेल, कुठे फुगवटा असेल, तर टेस्टला न्यायचीच नाही, आधी टायर. नवे घेताना सीपी लिहिलेले, म्हणजे मोटरहोमसाठीचे, किंवा किमान प्लेटवर लिहिलेल्या लोड रेटिंगचे घ्या, कारचे स्वस्तातले बसवू नका.

दिव्यांची एक खास भानगड. कोचबिल्ट, म्हणजे व्हॅनच्या चॅसीवर वेगळी बॉडी बांधलेल्या, मोटरहोमचा मागचा भाग फायबरचा आणि लाकडाचा असतो, म्हणजे दिव्याला अर्थ बॉडीतून मिळत नाही, वायरीतूनच मिळतो, आणि तो जोड पाण्याने खराब झाला की विचित्र खेळ चालू होतात, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो, इंडिकेटर लावला की टेललाइट त्याच्याबरोबर लुकलुकते. अशा वेळी बल्ब बदलत बसू नका. दिवा काढा, काळी किंवा तपकिरी अर्थची वायर शोधा, टोक कापून तांब्याचा स्वच्छ भाग येईपर्यंत मागे जा, नवा टर्मिनल दाबा, ग्रीस लावा. घरातल्या कुणाला तरी आत बसवून सगळे दिवे एकेक करून नाही, सगळे एकत्र लावून बघा, कारण अर्थचा दोष एकेकट्या दिव्याला दिसत नाही. नंबरप्लेटचा दिवा, मागचा फॉग आणि तिसरा ब्रेकलाइट हे विसरले जातात. हेडलाइट पिवळट झाले असतील तर पॉलिश करून घ्या, आणि साध्या हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये कुणी एचआयडी (झेनॉन) बल्ब घातले असतील तर ते काढून मूळचे घाला, त्यावर फेल करतात. मागे सायकलचा रॅक असेल आणि प्लेट किंवा दिवे झाकत असेल तर तो उतरवूनच जा.

डिझेलचा धूर. धूर किती गडद हे मशीन मोजतं, त्या आकड्याची मर्यादा 1 जुलै 2008 आधीच्या टर्बो डिझेलला 3.0, तेव्हापासून 2013 अखेरपर्यंतच्याला 1.5, गाडीच्या प्लेटवर कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो. जुन्या गाड्या सहसा यात निघतात, पण थंड इंजिन नेलं तर नाही. टेस्टच्या दिवशी अर्धा तास तरी मोटरवेवर चालवून इंजिन पूर्ण तापवून घेऊन जा, आणि पोचल्यावर बंद करून दोन तास उभी राहील अशी वेळ घेऊ नका. धुराच्या टेस्टला इंजिन पूर्ण रेव्ह करतात, म्हणून कॅमबेल्ट (इंजिनच्या आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) कधी बदलला याचं बिल जवळ हवं. किती मैल झाले एवढंच बघू नका, बेल्ट वर्षांनीसुद्धा म्हातारा होतो, आणि त्या रेव्हमध्ये तुटला तर इंजिनच जातं. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, मुळात असलेल्या गाडीचा कुणी काढून टाकला असेल तर फेल. 2006 नंतरची डुकाटो असेल तर बॉनेट उघडा आणि पुढच्या काचेखालच्या पट्टीतून पाणी इंजिनवर ठिबकतंय का बघा, या मॉडेलचं हे जुनं दुखणं आहे.

बाकीचं पटकन. पुढच्या काचेवर ड्रायव्हरसमोरच्या 290 मिलिमीटरच्या पट्ट्यात (हे साडेतीन टनापर्यंतच्या गाडीला) 10 मिलिमीटरहून मोठा तडा चालत नाही, वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात 40. तिथे लटकवलेला गणपती, सॅटनॅव्हचा स्टँड, डॅशकॅम, दृष्टीच्या आड येत असेल तर त्या दिवसापुरतं काढून ठेवा. वायपरचं रबर नवं, वॉशरचं पाणी भरलेलं. हॉर्न. एअरबॅग आणि एबीएसचे दिवे किल्ली फिरवल्यावर लागून विझले पाहिजेत. बॉल जॉइंटची आणि स्टिअरिंग रॅकची रबरी टोपी फाटलेली असेल तर फेल, आणि उभ्या गाडीत ती फाटतेच, पार्ट स्वस्त असतो तेव्हा आधीच घालून घ्या. पुढच्या कॉइल स्प्रिंगचं खालचं टोक तुटलेलं आहे का नीट बघा, गाडी चालताना काहीच जाणवत नाही. मागे बसायच्या जागी बेल्ट बसवलेले असतील तर तेही तपासतात, म्हणून सीटवरच्या उशा, रजया आणि भांड्यांचे डबे काढा, पट्टा शेवटपर्यंत ओढून कुठे उसवलाय का बघा. सांडपाण्याची टाकी रिकामी करा, खाली काम करणाऱ्याच्या तोंडावर ते ठिबकू नये एवढं तरी आपण करायला हवं. गाडीखाली चिखल फार असेल तर टेस्टर टेस्ट नाकारू शकतो, म्हणून खालून धुवून न्या.

पार्ट मागवताना चॅसी नंबर द्या, नुसतं 'डुकाटो 2004' सांगू नका. मोटरहोमचं चॅसी व्हॅनपेक्षा वेगळं असू शकतं, ब्रेक मोठे असतात, आणि मागे अल-को कंपनीचं चॅसी असेल तर मागचा अॅक्सल फियाटचा नसतोच. तिथे काही मॉडेलना ग्रीस निपल असतात, ते आहेत का बघा आणि भरा. फियाटचा पार्ट मिळत नसेल तर तोच बॉक्सर किंवा रिलेच्या नावाने शोधा.

फेल झालीच तर हात टेकू नका. फेलचा कागद नीट वाचा. डेंजरस लिहिलं असेल तर चालवायचीच नाही, तिथेच दुरुस्ती नाहीतर ट्रकवर घालून न्यायची, चालवताना सापडलात तर 2,500 पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर पॉइंट. त्याच गॅरेजमध्ये ठेवून दहा कामाच्या दिवसांत दुरुस्त केलीत तर पुन्हा फी नाही. घरी आणून दहा कामाच्या दिवसांत त्याच गॅरेजमध्ये परत नेली तर अर्धी टेस्ट, अर्धी फी, आणि बल्ब, वायपर, हॉर्न अशा किरकोळ गोष्टींवर फेल झाली असेल तर लगेच पुढच्या कामाच्या दिवसाअखेर परत नेली की फुकट. दुरुस्तीचं कोटेशन दुसरीकडून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, 'इथेच करावं लागेल' असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. टेस्टरने दोष दाखवला तर खाली उभं राहून दाखवायला सांगा, फोटो काढा. निकालच चुकीचा वाटत असेल तर काहीही दुरुस्त न करता 14 कामाच्या दिवसांत डीव्हीएसएकडे, म्हणजे एमओटीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अपील करा.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. एमओटी पास म्हणजे घर सुरक्षित असं नाही. टेस्टर गॅसची शेगडी, हिटर, फ्रिज, भिंतीतली ओल यातलं काहीही बघत नाही. त्यासाठी हॅबिटेशन चेक वेगळी करून घ्यावी लागते, गॅसचं लीकेज, रेग्युलेटर, रबरी पाइपवरची तारीख, ओलाव्याचं मीटर, सगळं त्यात येतं. रेग्युलेटर दहा वर्षांनी बदला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आज मागवा, पास-नापासाचं नंतर बघू, रात्री पोरं झोपणार आहेत त्यात.

पास झाली की अॅडव्हायजरीची यादी फोनमध्ये टाकून ठेवा आणि उन्हाळ्यात, पत्रा कोरडा असताना, त्या जागा वायर ब्रशने घासून डिनिट्रॉल किंवा वॅक्सॉइलसारखं मेण मारा, सिलच्या आत लांब नळीने. फक्त सिलच्या खालची पाणी निघायची भोकं त्या मेणाने बुजणार नाहीत एवढं बघा, ती बुजली की आत साचलेल्या पाण्याने पत्रा आतून जातो.